दाजी, पलंग हलवलाय

दाजी, आधी भांडण. रडायचं ते नंतर बघू.

तुम्ही गेलात, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण माझ्या एका प्रश्नाचं उत्तर न देता गेलात, हे मात्र तुमच्या हातात होतं. किती वर्षं मी विचारत होतो आणि तुम्ही हसण्यावारी नेत होता. तुम्ही येण्याआधी आपल्या बेंजो पार्टीत ढोलकी, ताशा, झांज, माझा बेंजो, सगळे पहिल्या ठोक्यावर तुटून पडायचे. लहान मूलसुद्धा तिथंच टाळी देतं. आणि तुमचा बास गिटार नेमका तिथंच गप्प. दुसऱ्याला घुमणार, तिसऱ्याला आणखी खाली जाणार, चौथ्याला वळण घेणार, आणि पुन्हा पहिला आला की तार हाताखाली दाबून एसटीची वाट बघितल्यासारखे इकडेतिकडे बघणार.

हळदीत असं का करता, ते तुम्ही मला एकदा सांगितलंत. त्यावर मी येतोच. पण संध्याकाळी घरी ओटीवर एकटे वाजवत बसायचात, समोर नाचायला चिटपाखरू नाही, तेव्हाही तो ठोका मोकळाच. तो कुणासाठी? विचारलं की म्हणायचात, "कोनतरी आसतंच रं, दत्ता." कोण? तर पुन्हा हसायचं.

आज तुमचा दहावा झाला. नदीवरून आलो, आंघोळ केली, चहा घेतला आणि लिहायला बसलो. बेंजो वाजवणाऱ्याला लिहिण्याची सवय नसते, तेव्हा सूर इकडेतिकडे गेला तर सांभाळून घ्या. मेव्हणा म्हणून तुम्ही माझं एवढं तेवढं नेहमीच सांभाळून घेतलंत.

तुम्ही पहिल्यांदा पोशीरला आलात तो दिवस मला जसा दिसतो तसा तुम्हाला दिसत होता का, हे मी कधी विचारलंच नाही. कुंदाताई, माझी चुलत बहीण, आखातात नर्स होती, तिथल्या एका हॉटेलात तुमचा बँड वाजायचा, बोट सुजलं म्हणून तुम्ही दवाखान्यात गेलात आणि बोट बरं झाल्यावरही जात राहिलात, एवढी कथा आम्हाला फोनवरून कळली होती. लग्नही तिकडंच उरकलं होतं. मग काकूला, म्हणजे ताईच्या आईला, अर्धांगाचा झटका आला आणि तिला बघायला तुम्ही दोघं महिनाभरासाठी आलात. जमैका कुठं आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मी शाळेतल्या नकाशात शोधलं, तर माझ्या करंगळीच्या नखाखाली अख्खं बेट झाकलं गेलं. म्हटलं, एवढ्याशा जागेत माणसं राहतात कुठं आणि वाजवतात कुठं?

तुम्ही रिक्षातून वाकून उतरलात, उतरून सरळ झालात आणि होतच राहिलात. केसांच्या जटा पाठीवर, खांद्याला गिटारची पेटी. आळीतली माणसं काही ना काही निमित्त काढून बाहेर आली. कुणी काढलेली रांगोळी पुसून पुन्हा काढली, कुणी भरलेली बादली घेऊन नळावर गेलं. आमच्या घराण्यातले थोरले गणूकाका ओटीवर बसले होते, ते उठून आत गेले. दारात जावई आलेला असताना थोरल्यानं उठून आत जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं नसेल, असं मी बरेच दिवस समजत होतो.

काकूला मात्र एकच काळजी. ती खाटेवरून म्हणाली, "ह्यो भात खातो का गं?"

तुम्ही भात आणि वालाचं बिरडं खाल्लंत. पुन्हा भात घेतलात. मग वाटीतला उरलेला नारळाचा रस बोटानं पुसून चाटलात आणि ताईला तुमच्या भाषेत काहीतरी म्हणालात. ताई जेवता जेवता रडायला लागली. तुमची आई दर रविवारी भातात कडधान्य आणि नारळाचं दूध घालून शिजवायची, आणि घर सोडल्यापासून ती चव तुमच्या जिभेवर आली नव्हती, असं तिनं आम्हाला सांगितलं. काकू म्हणाली, "मंग आपलाच हाय." झालं. गावजेवण घालून जे काम झालं नसतं ते एका वाटीनं केलं.

महिन्याचे दोन महिने झाले, दोनाचं वर्ष झालं. तुम्हाला मराठी शिकवली ती खाटेवर पडलेल्या काकूनं, त्यामुळे तुमची मराठी सत्तरीच्या बाईची. एवढा धिप्पाड बाप्या गडी कमरेवर हात ठेवून "आगं बाय माझे!" म्हणायचा तेव्हा नेरळच्या बाजारात भाजीवाल्या तराजू सोडून हसायच्या. सरपंचालाही "काय रं, बरा हायस ना?" आणि तहसीलदारालाही तेच. काकू गेली, तरी तुम्ही परत गेला नाहीत. का? इंग्लंड बघितलेला, आखात बघितलेला माणूस पोशीरला थांबतो तो काही नारळाच्या रसासाठी नाही. मी विचारलं की तुम्ही डोंगराकडे बोट दाखवायचात. तुमचंही गाव समुद्रापासून आत, डोंगराच्या पोटात होतं म्हणे. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

आता हळदीचं सांगतो. लोधिवलीची हळद, आपल्या पार्टीबरोबर तुमची पहिली. टेंपोवर स्पीकर बांधले, जनरेटर लावला आणि तुम्हाला मागच्या बाजूला उभं केलं, म्हटलं चुकलात तर झाकलं जाईल. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझी दातखीळ बसली. चाल आमचीच, ढोलकी आमचीच, पण खालून जमीन कुणीतरी हळूच मागं ओढतंय असं वाटायला लागलं. ढोलकीवाला रम्या तुमच्या नादाला लागला आणि त्यानंही पहिला ठोका सोडला. मी वाजवता वाजवता ओरडलो, "दाजी, पहिल्याला कुठं जाता?" तुम्ही हनुवटीनं मांडवाकडं दाखवलंत. मी बघितलं नाही. मला राग आला होता.

मांडव उठल्यावर चहा पिताना तुम्ही म्हणालात, "पाय बघ, दत्ता. पाय बघत जा."

"पायांचं काय?"

"तू पयला ठोका मारलास तर नाचनारा तुज्या मागं येतो. मी सोडला तर तो त्याचा त्यानं टाकावा लागतो. मंग तो वाजीवतो, आपन ऐकतो."

तेव्हा मला आठवलं की मधे कधीतरी सगळा मांडव एकदम धप्प वाजला होता आणि मला वाटलं होतं जनरेटर पडला. गुडघे धरून खुर्चीत बसलेली नवरीची आजी उठून पाय टाकत होती, तेही मी बघितलं होतं. पण मी हार मानणारा नव्हतो. मी भजनात शिकलेला. समेला सगळ्यांनी एका जागी यायचं असतं. माझी सम हुकली तेव्हा गणूकाकांनी हातातला टाळ माझ्या टाळक्यात मारला होता, खोक अजून आहे. मी म्हणालो, "सगळी जिथं भेटतात तीच जागा तुमी रिकामी ठेवता?"

"रिकामी न्हाय. ताट वाढलेलं हाय. जेवनारा यायचा हाय."

आणि पुढच्या सुपारीला यजमानानं आधीच बजावलं, "तो लोधिवलीसारखा वाजवायचा हं, मधे सोडून."

दोन-चार वर्षांत तो ठेका सगळीकडे झाला. नेरळपासून खोपोलीपर्यंत हळद म्हटली की तोच. पोरांच्या पार्ट्या आल्या, ऑक्टोपॅड आले, डीजे आले, पण पहिला ठोका मोकळाच राहिला. साजगावला ओळखीच्या एका सुपरवायझरच्या घरी हळदीला आपण दोघं पाहुणे म्हणून गेलो होतो, आठवतं? तिथली पार्टी वाजवत होती, आणि झकास वाजवत होती. मी त्यांच्या म्होरक्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे कुठून उचललंस?"

"उचललं नाय काका," तो म्हणाला. "कर्जत साईडचा जुना ठेका हाय हा. आमचे आजे वाजवायचे."

माझं डोकंच फिरलं. ज्यानं हे आणलं तो माणूस पाच पावलांवर पत्रावळीत जिलबी खातोय आणि हा आज्याचं नाव सांगतोय! मी त्याला तुमच्यापुढे उभं करणार, तेवढ्यात तुम्हीच उठून आलात, माझा कोपर धरलात आणि त्याला म्हणालात, "झ्याक वाजीवतोस रं. परत एकदा वाजीव."

खोपोली सोडल्यापासून कर्जत येईपर्यंत मी तुमच्या स्कूटरवर मागं बसून भांडत होतो. नाव सांगायला काय जातं? तुम्ही मोठेपणा दाखवता आणि आम्ही खोटे पडतो. तुम्ही म्हणालात, "तो खोटं कुटं बोलला?"

"आजे वाजवायचे म्हणाला, दाजी! त्याच्या आज्यानं आयुष्यात तुमच्या जमैकाचा रेगे ऐकला असेल का?"

"मंग? अर्धं खरं हाय."

"कुठलं अर्धं?"

तुम्ही गाडी पळवलीत. वाऱ्यात तुमच्या जटा माझ्या तोंडात गेल्या आणि माझं बोलणं बंद झालं. मला वाटलं, साधू झाला आमचा दाजी, कशाचंच काही वाटत नाही याला. मी घरी येऊन बायकोकडेही तुमची तक्रार केली. त्या 'अर्धं' या शब्दाकडे मी लक्षच दिलं नाही.

आता नवव्याचं. थंडीत आपण शेतावर पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं करून वर जाळ. तुम्ही म्हणालात, तुमच्याकडेही असंच पाल्याच्या धुरात झाकून भाजतात, फक्त मसाला डोळ्यातून पाणी काढतो. मग आई आठवली तुम्हाला. ती गेली तेव्हा तुम्हाला जाता आलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की तुमच्या गावात माणूस गेला की घर रडत बसत नाही. रोज संध्याकाळी माणसं येतात, खातात, पितात, गाणी म्हणतात, डॉमिनोच्या सोंगट्या आपटतात, गेलेल्याच्या लबाड्या सांगून हसतात. आणि नवव्या रात्री सगळ्यात मोठ्यानं वाजवून त्याला निरोप देतात. मग त्याचा पलंग दुसऱ्या जागी हलवतात.

"पलंग कशाला?" मी विचारलं.

"तो परत आला तर त्याला खोली वळखू येनार न्हाय. त्याला वाटंल, चुकलो. मंग तो जाईल आपल्या वाटंनं."

मला हे फार आवडलं होतं. आपण कावळ्याला घास घालतो, तुम्ही पलंग फिरवता. मेलेला माणूस दोन्हीकडे सारखाच अडून बसणारा. मी म्हटलं, "तुमचं नववं मी करीन." शेंग सोलता सोलता बोललो होतो. तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं वाजीव." आणि शेंगा संपल्या.

तुम्ही पपईला पाणी घालता घालता बसलात आणि उठला नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा ती शेंग आठवली. पोरबाळ नव्हतं, अग्नी मी दिला. घाटावरून परत आल्यावर एक प्रश्न निघाला. सुतक कुणी धरायचं? जावयाचं सुतक त्याची भावकी धरते, सासरवाडी नाही. तुमची भावकी सात समुद्रापलीकडे, फोनवर रडणारी. कुणीतरी म्हणालं, मग तीन दिवस पुरेत. तेव्हा गणूकाका उठले. तुम्ही आलात त्या दिवशी उठून आत गेलेले, तेच. पुढंही तुमच्याशी कधी धड बोलले नाहीत, पण तुम्ही ओटीवर वाजवायला बसलात की ज्यांची खुर्ची आळीच्या तुमच्या टोकाला सरकायची, तेच. ते म्हणाले, "त्याला हितं भावकी नाय म्हंजे? आपन कोन हाय मंग? पुरं सुतक धरायचं." आणि त्यांनी तंबाखूची चंची खुंटीला टांगली. काकांनी तंबाखू सोडली, दाजी. काकी, म्हणजे त्यांची बायको, गेली तेव्हाही सोडली नव्हती.

मला आनंद झाला आणि पुढच्याच क्षणी धडकी भरली. कारण पुरं सुतक म्हणजे वाजवणं बंद. आणि मी तर शब्द दिलेला.

आधी ताईकडे गेलो. तुमच्या पलंगाशेजारी ती भिंतीला टेकून बसली होती. त्या सगळ्या दिवसांत ती रडली नव्हती. नर्सबाई कामावर असल्यासारखी आलेल्या-गेलेल्याची विचारपूस करत होती. मी सुरुवात केली, "ताई, दाजींचं एक म्हणणं होतं…"

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "त्यांच्या आईचं नववं आमी दोघांनी फोनवरून ऐकलं. रात्रभर फोन मधे ठेवला होता. शेवटी काय करतात तेपण माहीत हाय. पलंग फिरवतात आणि जा म्हणतात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला एवढी घाई का रं झाली त्यांना घालवायची?"

दाजी, मी तिथून चपला न घालता बाहेर आलो. तुम्ही सांगा, काय करायला हवं होतं? तुमचा शब्द मोठा की तिचा? मी वाजवलं असतं तर तिच्या घरातून तुम्हाला हुसकावल्यासारखं झालं असतं. नसतं वाजवलं तर तुम्ही आईच्या वेळेसारखे फोनच्या पलीकडेच राहिला असतात. मला दोन्ही नको होतं.

शेवटी काकांकडे गेलो. ते नाही म्हणणार हे ठरलेलंच. "सुतकात वाजाप? येडा झालास काय रं? धरलंय तर नीट धरू दे."

मग मी माझ्या पोतडीतली शेवटची चीज काढली. म्हटलं, "काका, तुमचं बरोबर. पण माणसाची इच्छा राहिली की दहाव्याला कावळा शिवत नाय. बाहेरदेशीचा माणूस, अडून बसला तर आपल्याला समजूत तरी कुठल्या भाषेत घालायची? दुपार होईल नदीवर."

काकांना उन्हाचा त्रास होतो. हात सवयीनं चंचीकडे गेला आणि मागं आला. मग ते काठी टेकत स्वतः ताईच्या दारात गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ताईचं मात्र ऐकू आलं. "वाजवा. पण पलंगाला कुणी हात लावायचा नाय."

तर काल तुमचं नववं केलं. दिवे लागता लागता सुरू केलं, काकांची अट होती की जेवणाच्या वेळेआधी आटपायचं. स्पीकर नाही, जनरेटर नाही. रम्या ढोलकी घेऊन आला, बाकीचे झांजा आणि ताशा घेऊन, मी बिनविजेचा बेंजो. तुमचा गिटार पलंगावर ठेवला होता. ओटी भरली, अंगण भरलं. साजगावचा तो म्होरक्याही आला होता, कोपऱ्यात उभा होता. डॉमिनो नव्हता म्हणून पोरांनी पत्ते मांडले, पण कुणी पान आपटेना.

आणि दाजी, वाजेना. खरंच सांगतो, आमचं वाजेना. हजार वेळा वाजवलेला ठेका. तीन ठोके आम्ही नीट मारायचो आणि पहिला आला की सगळे तिथं अडखळून पडायचो. नाचणारं कुणी नव्हतं, सुतकात कोण नाचणार? खाली तुमचा बास नव्हता. ती जागा नुसतीच भोक पडलेल्या पत्र्यासारखी. रम्यानं न राहवून तिथं थाप मारून बघितली, तर ते तुमचं राहिलंच नाही, कुणाच्याही वरातीतलं झालं. काका रस्त्याकडे तोंड करून बसले होते. ते न वळता म्हणाले, "असा नाय वाजवायचा तो." मला रडू यायला लागलं. शब्द देऊन बसलो आणि तोंडघशी पडलो.

तेव्हा ताई उठली. आम्हाला वाटलं, पुरे करा म्हणणार. ती आत गेली. त्या घरात इतके दिवस चूल पेटली नव्हती, आळीतून डबे यायचे. आत लायटर वाजला. भांड्यांचा आवाज झाला. मला आठवलं, तुमच्याकडे नवव्याला आलेल्यांना उपाशी पाठवत नाहीत, आणि ते तिलाही आठवलं असणार. आम्ही आपलं पडत-झडत वाजवत होतो. पाणी उकळून उकड मळून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला.

आणि आतून परातीवर हात पडला. थप्प.

तांदळाची भाकरी थापताना बाई पहिला हात जोरात मारते, मग गोल फिरवत तीन हलके. पुन्हा एक जोरात, पुन्हा तीन हलके. आमच्या घरात, तुमच्या घरात, आळीतल्या प्रत्येक घरात मी जन्मल्यापासून हा आवाज ऐकतोय. थप्प आतून, आणि बाकीचे तीन आमचे. थप्प आतून, तीन आमचे. रम्यानं माझ्याकडे बघितलं. आम्ही कुणीच काही केलं नाही, तो ठेका आपोआप उभा राहिला. अंगणातल्या बायकांची बोटं गुडघ्यावर पडायला लागली. नकळत माझा पायही.

तुम्ही ओटीवर वाजवत बसायचात ती वेळ रोजची तीच होती, दाजी. दिवे लागल्यावर, जेवणाआधी. मी समजत होतो की तुम्हाला भूक लागलेली असायची. कोनतरी आसतंच! आणि साजगावच्या पोराचं अर्धं खरं कुठलं, तेही मला काल कळलं. त्याच्या आज्यानं वाजवलं नसेल, पण आजीनं तर रोज वाजवलं होतं. स्कूटरवरच सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

वाजवणं थांबल्यावर मी आत गेलो. ताईचे हात कोपरापर्यंत पिठाचे. मी म्हटलं, "ताई, तुला माहीत होतं? दाजी तुझ्या हातावर वाजवायचे."

ती भाकरी उलटता उलटता थांबली. "काय सांगतोस?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच त्यांच्या गिटारावर थापते."

आणि मग ती रडली. तव्यावरची भाकरी करपली तरी रडत राहिली. मी गॅस बंद केला.

आता हा नवा प्रश्न माझ्या उरावर ठेवून गेलात तुम्ही. आधी कोण कुणाच्या मागं गेलं? विचारायला तुम्ही नाही, आणि तिला माहीत नाही. मला वाटतं तुम्हालाही माहीत नसावं. पण विचारायची फार इच्छा आहे हो.

सगळे जेवले. सुतक, चूल, काय नि काय, काकांना कुणी विचारायच्या आतच ते बाहेरून म्हणाले, "मला एकच घाल कुंदे, मऊ बघून." माणसं पांगायला लागली तेव्हा ताईनं तोंड धुतलं, हात पुसले आणि खोलीत आली. गिटार उचलून खुंटीला लावला. मग पलंगाच्या उशाशी उभी राहून म्हणाली, "दत्ता, ते टोक धर."

मी म्हटलं, "ताई, नको. तू म्हणाली होतीस ना…"

"धर म्हणते ना."

जड आहे हो तो पलंग. फरशीवर असा करकरला की काकांनी बाहेरून विचारलं, काय पडलं.

आज नदीवर कावळा म्हणाल तर मी पिंड ठेवून मागं वळतोय तोवर आला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग चंची काढून पहिली चिमूट तोंडात टाकली. मला त्या कावळ्याचा जरा रागच आला. थोडं तरी अडून बसायचं.

तर दाजी, पलंग आता खिडकीखाली आहे, उशी पपईच्या बाजूला. तुमच्या गावच्या रिवाजात हे गेलेल्या माणसाला सांगायचं नसतं, मला माहीत आहे. पण तुमच्या आईचा पलंग कुठं हलवला ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते तुम्हाला किती वर्षं टोचत होतं तेही मला माहीत आहे. म्हणून सांगतोय. उजवीकडे जपून, कपाट तिथंच आहे, गुडघा आपटेल.

भाकरीच्या वेळी या.